अंधाराचं अर्धं पाणी

रविवारी सकाळी साडेसात वाजता सविता देवरेने कानबाईच्या रोटासाठी आपली मूठ टाकली नाही.

सिडकोतल्या खंडेरावांच्या घरी, पुढच्या खोलीत, धुवून वाळवलेल्या धोतरावर गव्हाचा ढीग वाढत होता. भाऊबंदांतल्या प्रत्येक घराने माणशी सव्वा मूठ गहू टाकायचा, सगळा गहू एकत्र दळायचा, त्याचेच रोट, म्हणजे नैवेद्याच्या जाड पोळ्या, करायचे आणि ते घरच्यांनीच संपवायचे, अशी श्रावणातल्या कानबाईच्या सणाची देवऱ्यांची रीत. लग्न होऊन गेलेल्या लेकीलासुद्धा त्यातला घास चालत नाही. खंडेरावांच्या मुठी पडल्या. मधल्या भावाच्या, पुंजारामच्या घरच्या पडल्या. नातवंडांच्या मुठी त्यांच्या आयांनी हात धरून टाकल्या. मग खंडेरावांच्या बायकोने, अक्काबाईंनी, धाकट्या जावेकडे पाहिलं.

सविता भिंतीला टेकून बसली होती. मांडीवर कापडी पिशवी, पिशवीत निवडलेला गहू, आणि पिशवीच्या तोंडावर तिचे दोन्ही हात.

"चल माय," अक्काबाई म्हणाल्या. "चक्कीवाला जातं धुईसन बठेल शे. उशीर नको."

"मी टाकत नाय, अक्का."

"कसाले? अंगावर काही शे का?"

"तसलं काही नाही." सविताने पदर डोक्यावर नीट घेतला. आतल्या खोलीच्या दारात खंडेराव उभे होते. तिने त्यांच्याकडे पाहिलं नाही. इतक्या वर्षांत ती थोरल्या दिरांशी, नानांशी, समोरासमोर बोलली नव्हती. "अक्का, नानांना सांगा. विहिरीवर माझी पाळी कोणती, ते आज ठरू द्या. मग मूठ टाकते."

पुंजाराम पायजमा वर सरकवून चौरंग पुसत होता. त्याचा हात थांबला.

अक्काबाईंच्या पहिल्यांदा मनात आलं ते वेळेचं. दळण, पुरण, गंगाफळाची भाजी, खीर. संध्याकाळी कानबाई बसायला हवी, आणि तोपर्यंत घरात कोणी दाताला काही लावायचं नाही. दुसरं मनात आलं ते असं, की ही गोष्ट सविताने सणाच्या दिवशी काढली ती चुकून नव्हे. वर्षातून एकदाच तिन्ही घरं एका छताखाली येतात. आणि तिन्ही घरांचं एकमेकांवाचून अडतं तेही या रोटासाठीच.

"देवीच्या दारात भाऊबंदकी काढतेस?" पुंजाराम म्हणाला.

"शुक्रवारी विहिरीवर तुम्हीच काढली, आप्पा."

पुंजाराम चौरंग पुसायला लागला.

"बरं, तिच्या नावाची मूठ मी टाकतो," तो पुसता पुसता म्हणाला. "एकटीचं तर घर. सव्वा मूठ माझ्या घरात जास्त झाली तर काय बिघडतंय?"

अक्काबाईंनी धोतराची चारी टोकं उचलून गहू झाकला. "ज्यानी मूठ, त्याना हात," त्या म्हणाल्या. "मूठ ज्याची त्यानेच टाकायची, तुमच्या आईने मला हेच शिकवलं. चूल पेटायची नाही, भाऊजी. बसा आता."

*

शुक्रवारी विहिरीवर झालं ते असं.

सटाण्याच्या पलीकडे चिंचदऱ्याला देवऱ्यांची जमीन तीन भावांत सारखी वाटलेली. विहीर मात्र एकच, सामाईक. शेतीची लाईट आठवड्यातले काही दिवस दिवसा यायची, बाकीचे दिवस रात्री. वाटणीच्या वेळी सासऱ्यांनी, तात्यांनी, विहिरीच्या काठावर उभं राहून विचारलं होतं, रात्र कोण घेतो? थोरला खंडेराव एकलहऱ्याच्या वीज केंद्रात नोकरीला, त्याच्या वाट्याची जमीन पुंजारामच करायचा. पुंजारामची मुलं लहान. धाकटा ललित, सविताचा नवरा, म्हणाला, मी घेतो. तेव्हा तात्या म्हणाले, "मग अंधार घेईल त्याला अर्धं पाणी." दिवसाच्या लाईटीवर दोघं थोरले, रात्रीच्या लाईटीवर एकटा धाकटा. कागद केला नाही. गरज पडली नाही.

ललित चार वर्षांपूर्वी रात्री बारं द्यायला, पिकाला पाणी भरायला, गेला आणि बांधावर घोणस चावून वारला. पुढच्या आठवड्यात रात्रीची लाईट आली तेव्हा विहिरीवर सविता गेली. डोक्याला बॅटरी, पायात ललितचे बूट, हातात काठी. तेव्हापासून तीच जात होती.

मग गावाच्या गायरानावर सौर प्रकल्प उभा राहिला. त्या विजेवर गावाच्या शेतीची सगळी लाईन चालणार होती आणि सगळी लाईट दिवसा मिळणार होती. ग्रामसभेत पहिला हात सविताने वर केला होता. शुक्रवारी वायरमन सांगून गेला, सोमवारपासून दिवसाचीच लाईट. रात्रीची कायमची बंद. ती आनंदाने विहिरीवर गेली तर तिथे पुंजाराम पाइप जोडत होता. तो हसत म्हणाला, "सविता, तुझी रात्र तर गेली. आता पाळी कशाची घेशील?"

त्याने ते थट्टेत म्हटलं होतं. रात्री तिला झोप आली नाही, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पुंजारामही ते थट्टेत म्हणत नव्हता.

*

पल्लवी दहा वाजता आली. ती खंडेरावांची लेक, गंगापूर रोडला सासर, आणि ऊर्जा खात्यासाठी आराखडे तयार करणाऱ्या एका सल्लागार संस्थेत नोकरी. सण माहेरचा असला तरी तिला रोट चालत नसे. ती दरवर्षी फुलं आणि केळीचे खांब घेऊन येई आणि कानबाई बसली की परत जाई. चिंचदऱ्याच्या ग्रामसभेत पडद्यावर चित्रं दाखवून सौर प्रकल्प समजावला होता तो तिनेच. संस्थेच्या पुस्तिकेच्या मुखपृष्ठावर सविताचा फोटो होता, सकाळच्या उन्हात, हातात पाइप. फोटोखाली लिहिलं होतं, 'रात्रीची शेवटची पाळी'.

अक्काबाईंनी तिला स्वयंपाकघरात घेऊन दोन मिनिटांत सगळं सांगितलं. पल्लवीने केळीचे खांब हातातून खाली ठेवले नाहीत.

"पण काकूंना तर सगळ्यात जास्त फायदा," ती म्हणाली.

"जाय, तिलेच सांग."

पल्लवी बाहेर येऊन सविताजवळ जमिनीवर बसली.

"काकू, लाईट दिवसभर आहे. सकाळपासून संध्याकाळपर्यंत. तिघांनीही पंप लावला तरी वीज पुरेल. नाहीतर मी तुम्हाला वेगळा सौर पंप बसवून देते, योजना आहे."

"पल्ले, वीज पुरंल," सविता म्हणाली. "पाणी?"

सविताने तिला समजावलं, न चिडता, जसं कोणी पोरीला स्वयंपाक समजावतं तसं. विहिरीला झरा एक. दिवसा उपसली की संध्याकाळी तळ दिसतो, मग रात्रभर पाझरून पाणी चढतं. रात्री उपसली की दिवसभर चढतं. एका उपशाला एकाचंच रान भिजतं. तीन पंप लावले तर तिघं मिळून एकाचं पाणी ओढणार.

"म्हणजे प्रश्न पाळीचा आहे."

"पाळी लाईटीवर बांधलेली हाय. लाईट तू हलवलीस."

पल्लवीच्या आराखड्यात त्या भागातले शेतीपंप होते, त्यांची अश्वशक्ती होती, वर्षाला वाचणारा कोळसा होता. कोणता पंप कोणत्या विहिरीवर आणि त्या विहिरीत कितीजणांचा हिस्सा, हा रकाना नव्हता. तो कोणी मागितला नव्हता आणि तिलाही सुचला नव्हता. सामाईक विहिरी बागलाणात घरोघर आहेत, हे मात्र तिला लहानपणापासून माहीत होतं.

ती गॅलरीत गेली आणि वीज कंपनीतल्या ओळखीच्या अभियंत्याला फोन लावला. रविवार असूनही त्याने उचलला. तिने विचारलं, चिंचदऱ्याच्या लाईनला महिनाभर रात्रीची लाईट चालू ठेवता येईल का? तो म्हणाला, वेळापत्रक बदललंय, उद्या नऊला सुरू, वरून लोक येणार आहेत. तुम्हीच तर पाठपुरावा करत होता, मॅडम. तिने पुन्हा विचारलं. तो म्हणाला, लेखी पाठवा. तिने तिथेच उभं राहून मेल लिहिली, दोनदा वाचली आणि पाठवली.

खाली रस्त्यावर दुसऱ्या कोणाच्या घरच्या कानबाईसाठी वाजंत्री येऊन थांबली होती.

*

दुपारपर्यंत कोणी काही खाल्लं नव्हतं. पुरुष पुढच्या खोलीत, बायका स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी. झाकलेला गहू मध्ये. चक्कीवाल्याचा दोनदा निरोप येऊन गेला.

"मी सरळ बोलतो," पुंजाराम म्हणाला. "तात्यांनी अर्धं पाणी कशाला दिलं? अंधाराला. अंधार गेला. आता तिघं भाऊ, तीन वाटे. एक दिवस नानांचा, एक माझा, एक सविताचा. यात काय वाईट आहे?"

"शुक्रवारी तर एकबी देत नव्हते," सविता अक्काबाईंना म्हणाली.

"ते बोलण्यात गेलं."

"आणि नानांचा दिवस कोण घेणार? नाना सिडकोतून येणार पाणी भरायला?"

"त्यांची जमीन मीच करतो ना!"

"म्हणजे दोन दिवस तुमचे."

"दोन वाट्यांची जमीन भिजवतो मी, सविता. आजवर अर्ध्या पाण्यावर भिजवली. ललितला अर्धं जातं म्हणून तोंडातून शब्द काढला नाही. माझा कांदा एक पाणी कमी पडून करपला तेव्हाही नाही. विचार नानांना."

हे खरं होतं आणि खोलीत सगळ्यांना ते माहीत होतं. सवितालाही.

पुंजारामचा मुलगा मयूर दाराशी मोबाइल घेऊन बसला होता. गायरानावरच्या प्रकल्पात त्याला देखभालीची नोकरी लागली होती. उद्या सकाळी बटण दाबायला वरचे लोक येणार म्हणून त्याला आज संध्याकाळीच निघायचं होतं.

"आप्पा," तो म्हणाला, "काकूंनी ग्रामसभेत हात वर केला नसता तर निम्मं गाव गायरान द्यायला तयार नव्हतं. बाया त्यांच्याकडे बघून उठल्या. प्रकल्प झाला, मला नोकरी लागली. आणि ज्यांच्यामुळे झालं त्यांचंच पाणी आपण कमी करतोय."

"तू पगार घे आणि गप बस," पुंजाराम म्हणाला. मग पल्लवीकडे वळला. "तू सांग गं. सरकारचं नक्की काय चाललंय? हे नेट झिरो का काय."

"धूर जितका सोडायचा तितकाच शोषला जाईल, असं करायचं, आप्पा. शिल्लक शून्य. देशाने २०७० साल धरलंय."

"सत्तर साल! शून्य व्हायला एवढी वर्षं? आमच्याकडं एका गारपिटीत होतं."

नातवंडं हसली. अक्काबाईही पदराआड हसल्या. खंडेराव हसले नाहीत. सकाळपासून ते एका शब्दाने बोलले नव्हते. त्यांची नोकरी एकलहऱ्यात कोळसा वाहणाऱ्या पट्ट्यापासून सुरू झाली आणि कंट्रोल रूममध्ये संपली होती. बोलण्यापूर्वी समोरचे सगळे काटे बघून घ्यायची सवय त्यांना तिथे लागली असावी.

"पुंजा," ते म्हणाले, "शेतीला रात्रीची लाईट का मिळायची, तुला माहीत आहे?"

"दिवसा कारखान्यांना लागते म्हणून."

"ते एक झालं. दुसरं ऐक. कोळशाचं मशीन दिव्यासारखं बंद-चालू होत नाही. विझवलं तर पुन्हा पेटवायला वेळ जातो, तेल जातं. रात्री शहर झोपतं. मशीन तर चालू ठेवायचं आहे. मग ती वीज, तो लोड, कुठे टाकायचा? शेतीपंपावर. शिफ्टला बसलो की आम्ही वाट बघायचो, पंप कधी लागतात. पंप लागले की मशीन शांत चालायचं." त्यांनी चष्मा काढून पुसला. "आता सूर्याची वीज दुपारी उतू जाते, म्हणून लाईट दिवसा. शेतकऱ्याची दया आली म्हणून रात्र दिली नव्हती आणि दया आली म्हणून दिवस देत नाहीत. मशीनला जे सोयीचं ते."

"नाना, एवढंच नाही ते," पल्लवी म्हणाली. "रात्री माणसं मरतात, हेही धोरणात लिहिलंय. मी स्वतः लिहिलंय."

"लिहिलं असशील."

सविता उठून उभी राहिली. पदर डोक्यावरच होता. पण ती अक्काबाईंकडे वळली नाही.

"म्हणजे मी तुमच्या मशीनसाठी जागत होते, नाना."

खंडेरावांनी चष्मा डोळ्यांवर चढवला आणि भावजयीकडे पाहिलं.

"हो," खंडेराव म्हणाले. "आणि ललितही."

*

पुंजाराम जिन्यात जाऊन बसला. थोड्या वेळाने खंडेराव येऊन वरच्या पायरीवर बसले.

"नाना, तुम्ही तुमची पाळी तिला देऊन टाकणार. मला कळतंय," पुंजाराम म्हणाला. "मोठेपणा तुमचा होईल आणि रान माझं वाळंल."

"अजून दिली नाही."

"पावसाने उघडीप दिलीय. लाल कांद्याचं रोप दोन दिवसांत मान टाकंल. विहीर शुक्रवारी उपसली, मग लाईन बदलायची म्हणून लाईटच बंद, उद्या सकाळी भरलेली असेल. पहिलं पाणी मला हवंय. बाकीचं नंतर बोलू ना. आठ दिवसांनी बोलू."

"तिचंही रोपच आहे."

"तिला कोण आहे? एकटीला किती लागतं?"

हे तोंडातून गेल्यावर पुंजाराम थांबला. ललित गेला त्या रात्री दवाखान्यापर्यंत त्याचं डोकं मांडीवर घेऊन जीपमध्ये मागे बसला होता तो पुंजारामच. त्यानंतर महिनाभर तो सविताबरोबर रात्री विहिरीवर जात होता. मग कांदा काढणीला आला, आणि जाणं राहिलं ते राहिलंच. तिनेही कधी बोलावलं नाही.

"तसं नव्हतं म्हणायचं," तो म्हणाला.

"मला माहीत आहे."

"तिने रात्रीच्या बदल्यात अर्धं घेतलं ते बरोबर होतं. आता रात्र नाही. मग अर्धं कसं? तुम्हीच सांगा, चुकतोय का मी?"

"नाही," खंडेराव म्हणाले. "हिशेबाने नाही चुकत."

"मग?"

खंडेराव गुडघ्यावर हात ठेवून उठले. "ते तिला विचार. मला नको."

*

तीन वाजता सविताने आपली अट बदलली. ती स्वतः बोलली, आणि या वेळीही अक्काबाईंमार्फत नाही.

"आप्पा, तुमचं बरोबर हाय. अंधार गेला, अर्धं पाणी गेलं. तिसरा वाटा घेते मी."

पुंजारामने मान वर केली.

"पण उद्याची पहिली पाळी माझी."

"का?"

"का म्हणून विचारता?" तिचा आवाज चढला नाही. "ह्यांनी रात्र मागून घेतली. मी रात्र मागून घेतली नव्हती, पण केली. त्या गावात दिवसाच्या लाईटीत मी आजवर एकदाबी मोटर चालू केलेली नाय. पाटात पाणी कसं दिसतं ते मला बॅटरीच्या उजेडात माहितीय. पहिला दिवस माझा. मग तुम्ही, मग नाना, मग परत मी. जन्मभर."

"रोप मरंल माझं."

"माझंबी मरंल, तुम्ही आधी घेतलं तर."

"पल्लवीताई, सांग ना काहीतरी," मयूर म्हणाला.

"मला रोट चालत नाही," पल्लवी म्हणाली. "इथे माझं मत मोजायचं नाही." मग मयूरकडे वळून, "मेल पाठवलीय. रात्रीची लाईट महिनाभर चालू ठेवली तर तोवर नीट ठरवता येईल. उत्तर आलेलं नाही. उद्या सकाळी मी कार्यालयाच्या दारात जाऊन उभी राहणार आहे. आणि सामाईक विहिरींची मोजणी झाल्याशिवाय पुढच्या एकाही लाईनच्या आराखड्यावर मी सही करणार नाही. पण उद्या नऊला लाईट येणार, ते माझ्याच्याने थांबत नाही."

"थांबवूबी नको," सविता म्हणाली. "रात्रीला परत कोण जाणार? मी नाय जाणार."

पल्लवीने हातातला मोबाइल उलटा करून मांडीवर ठेवला. मेलमध्ये तिने काकूंच्याच नावाने रात्र मागितली होती.

अक्काबाई मध्ये येऊन बसल्या. त्यांनी गव्हावरचं धोतर उघडलं. "भाऊजी, हो की नाही, एक शब्द टाका. चक्की बंद होईल. पोरं सकाळपासून उपाशी शेतंस."

पुंजारामने गव्हाकडे पाहिलं, दाराकडे पाहिलं. "देवी बसू दे आधी," तो म्हणाला. "उद्याचं उद्या."

"हे हो नव्हे," सविता म्हणाली.

"नाहीबी नव्हे."

सविता खाली बसली, पिशवीची नाडी सोडली, आत हात घातला आणि मूठ भरून गहू ढिगावर सोडला. अक्काबाई पुढच्या चिमटीची वाट बघत राहिल्या. सव्वातला पाव अजून पडायचा होता. सविताने उरलेले दाणे पदराच्या टोकात घेतले आणि गाठ मारली.

"मूठ पोरांसाठी," ती म्हणाली. "पाव आप्पांच्या शब्दासाठी. शब्द आला की टाकीन."

"असं कधी होत नाही," पुंजाराम म्हणाला. "वहिनी, चालतं का हे असं?"

तिन्ही घरांनी अक्काबाईंकडे पाहिलं. दिवसभर अक्काबाई कोणाच्याच बाजूने नव्हत्या. त्यांना फक्त चूल पेटवायची होती. त्यांनी धोतराची चारी टोकं गोळा करून गाठ बांधली आणि गाठोडं मयूरच्या हातात दिलं.

"ज्यानी मूठ त्याना हात, तशी ज्यानी गाठ त्यानीच सोडायची," त्या म्हणाल्या. "जाय, दळी आण. रोट पावाने कमी राहतील यंदा. कोणामुळे, ते कानबाईला दिसतंय."

कानबाई संध्याकाळी बसली, नारळाला डोळे, नथ, गळ्यात पोत. आरती झाली. सविताने रोटाचा एक घास खाल्ला, अक्काबाईंच्या पाया पडली आणि गावाकडे निघाली. जाताना ती मयूरच्या मोटरसायकलवर मागे बसली. पुंजारामने गॅलरीतून पोराला हाक मारली नाही. मोटरसायकल वळणाआड गेल्यावर त्याने चिंचदऱ्याला आपल्या सालदाराला, सहादूला, फोन लावला आणि तो गॅलरीचं दार ओढून घेऊन बोलला. काय बोलला ते घरात कोणाला ऐकू आलं नाही. खंडेरावांनी विचारलं नाही.

*

सोमवारी सकाळी पाऊस नव्हता. गोदावरीला पाणी होतं, पण घाटाच्या वरच्या पायऱ्या मोकळ्या होत्या. सिडकोतून, सातपूरमधून निघालेल्या कानबाया विसर्जनासाठी एकामागून एक उतरत होत्या. अहिराणी गाणी एकमेकींत मिसळत होती. देवऱ्यांच्या चौरंगाला दरवर्षी तिन्ही भावांच्या घरचा हात लागतो. या वर्षी पुढून खंडेराव, मागून पुंजाराम, आणि सविताच्या बाजूला कोणी नाही. पल्लवी कार्यालय उघडेपर्यंत म्हणून आली होती आणि पायरीवर सगळ्यांच्या चपला राखत उभी होती. तिच्या मेलला उत्तर आलेलं नव्हतं.

नऊ वाजून गेल्यावर तिला मयूरचा फोन आला. मागे टाळ्या ऐकू येत होत्या.

"लाईट आली, ताई. पूर्ण दाब आहे. इथून विहीर दिसतेय मला. काकू आहेत. पदर खोचून स्टार्टरच्या पेटीशी उभ्या आहेत."

"मोटर लावली?"

"नाही. सहादूही आहे ना तिथे. आप्पांच्या पेटीशी. दोघं नुसते उभे आहेत."

"विहीर?"

"भरलीय."

पल्लवीने पाण्याकडे पाहिलं. पुंजाराम गुडघाभर पाण्यात होता. चौरंगाचे मागचे दोन्ही पाय त्याच्या हातात, वर कानबाई, आणि त्याच्या सदऱ्याच्या खिशात फोन वाजत होता. ती चपला सोडून तशीच पाण्यात उतरली, त्याच्या खिशातून फोन काढला आणि त्याच्या कानाला लावून धरला. सहादूचा आवाज मोठा होता. खंडेरावांनाही तो ऐकू गेला.

"आप्पा, लाईट आली. बाई म्हणती, आधी आप्पांना इचार, मगच कोणीबी बटण दाबू. काय करू?"

मागून दुसऱ्या घरची कानबाई येऊन थांबली. कोणीतरी म्हणालं, चला भाऊ, पुढे सरका. खंडेराव सरकले नाहीत. त्यांनी मागे वळून भावाकडे पाहिलं.

"आप्पा?" सहादू म्हणाला.

पुंजारामचे दोन्ही हात चौरंगाखाली होते. फोन चालू होता. चिंचदऱ्याच्या विहिरीवर लाईट होती आणि कोणतीही मोटर अजून सुरू झाली नव्हती.